तपासणाऱ्याची सही

शेषगिरीमामांबद्दल सांगायला लागले की मला आधी स्वतःचाच राग येतो, म्हणून तो भाग पहिल्यांदा सांगून मोकळी होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं एकही ड्रॉइंग चूक म्हणून परत आलं नव्हतं. आलं ते एकच, निवृत्तीनंतरचं, आणि तेही माझ्यामुळे.

दोन हजार सहा साली मी सांगलीहून चेन्नईला आले. ऑफिस नुंगंबाक्कमला, आणि राहायला आवडी या उपनगरात मामा आणि गोदामामींच्या घरातली भाड्याची वरची खोली. दोघं तंजावरकडची मराठी माणसं. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल, आणि शब्द माझ्या पणजीच्या वेळचे. पहिले आठ दिवस मला निम्मं कळलं नाही, आणि मामींना माझं मराठी फार घाईचं वाटायचं. त्यांचं बोलणं मला लिहिता येणार नाही, तेव्हा माझ्याच बोलीत सांगते.

मामा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. लष्कराचं काम, सगळं गोपनीय. काय काढलं ते घरीसुद्धा सांगायची सोय नव्हती. मामी म्हणायच्या, "हे भरला डबा नेत आणि रिकामा आणत, एवढंच मला ठाऊक." मामींचा भाऊ त्र्यंबक तोंडावर थट्टा करायचा, "भावोजी, काही काढत होतात की नुसत्या पेन्सिली तासत होतात?" मामा हसून सोडून द्यायचे.

मला एक खूळ होतं. दर रविवारी टी. नगरला यशच्या घरी आम्ही पाचजण एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसायचं, एकीने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपापलं पात्र व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. आमचा खेळ अंतराळातला होता आणि प्रसंग सांगणारी मी. मला त्यात एक वाहक नौका हवी होती, चोवीस लढाऊ विमानं पोटात घेऊन हिंडणारी. मी वहीत काढलेली नौका हुबेहूब वांगं दिसत होती. मामांनी ती जिन्यात पाहिली.

"हे काय, मा?" मुलींना ते तमिळ पद्धतीने 'मा' म्हणत.

मी सांगितलं. वाटलं, आता हसतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "विमानं बाहेर पडतील, ते ठीक. पण मोडकं होऊन आलेलं कुठे उतरणार?"

मला काय माहीत? मी नुसता चोवीस आकडा लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड खाली आला. मग चार महिने मामांनी माझं डोकं खाल्लं. चोवीस गेली तर चोवीसच्या चोवीस परत येतील असं धरून जागा ठेवायची, बावीस धरायची नाहीत. लिफ्ट एक नको, दोन हव्यात. विमान दुरुस्त करणारे जेवणार कुठे? नौकेत कँटीन आलं, आणि कँटीनबाहेर डबे धुवायचे नळ. आमच्या खेळात नळांचा काडीचा उपयोग नव्हता, पण मी नको म्हटलं नाही. मामी भाजी निवडायला मुद्दाम बोर्डाशेजारी येऊन बसायच्या. नवरा काम करताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मामांची एक शिस्त होती. प्रत्येक मापाला कागद हवा. पंख मिटल्यावर विमानाची रुंदी किती, हे मी तोंडी सांगितलं तर चालेना. शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं: साडेचार मीटर. त्यावरून त्यांनी लिफ्ट पाच मीटरची केली. दुसरी शिस्त अशी की कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत दोन सह्या लागत, एक काढणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. "तपासल्याशिवाय ड्रॉइंग टेबलावरून हलत नाही," मामा म्हणाले आणि पट्टी माझ्या हातात दिली. मला सकाळची गाडी गाठायची होती. मी पट्टी टेबलावर ठेवली आणि सही ठोकली.

बंगळूरच्या काही हौशी लोकांनी ते सगळं आपल्या तिमाही पुस्तिकेत छापायचं ठरवलं. छपाईच्या आठ दिवस आधी यशने हट्ट धरला की त्याच्या विमानात मागे एक बंदूकवाला बसलाच पाहिजे. दोन माणसं म्हणजे विमान मोठं. मी फोनवरून विमानाच्या पानावरचा आकडा साडेपाच करायला सांगितला. मामांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, परत चार प्रश्न विचारतील म्हणून मी टाळलं.

पुस्तिका आली. 'आरेखन: शेषगिरी राव, आवडी.' मामींनी ती देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. चौतीस वर्षांच्या डब्यांचा हिशोब एकदाचा लागला, असा त्यांचा चेहरा होता. त्र्यंबकमामांनीही नळ बोटाने मोजले आणि पेन्सिलींचं नाव काढलं नाही.

तीन महिन्यांनी पुस्तिकेच्या पुढच्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं. साडेपाच मीटरचं विमान पाच मीटरच्या लिफ्टमधून वर कसं नेता? काढणाऱ्याला डुलकी लागली होती वाटतं.

रविवार होता, आणि ते पत्र त्र्यंबकमामांनीच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मामी स्वयंपाकघरातून दारात आल्या. मामांनी देव्हाऱ्याजवळची पुस्तिका उघडून विमानाचं आणि नौकेचं पान पाहिलं, ती जागेवर ठेवली आणि मला विचारलं, "मा, माप नंतर बदललं होतं का?"

एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढला नव्हता. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी कानांवर हात ठेवले. "नाही मामा, मला काही आठवत नाही."

"सरि," मामा म्हणाले. म्हणजे बरं.

"वय झालं, भावोजी," त्र्यंबकमामा म्हणाले. मामींनी पुस्तिका देव्हाऱ्याजवळून उचलली आणि कपाटात ठेवली. ते मी बघितलं, आणि तरीही बोलले नाही. लाज वाटते, पण खरं ते हेच.

पुढच्या शनिवारी मामांनी मला खाली बोलावलं. नौकेचा तो कागद नव्याने काढला होता. लिफ्ट आता सहा मीटरची होती, कँटीन थोडं मागे सरकलं होतं, नळ तसेच होते. चौकटीच्या वर त्यांच्या शिस्तीप्रमाणे एक ओळ होती: 'सुधारणा १. लिफ्टची रुंदी वाढवली. कारण: काढणाऱ्याची चूक.' खाली त्यांची सही. शेजारची तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती.

बोर्डाजवळ त्यांची फाइल उघडीच होती, आणि तिला टाचणीने माझी चिठ्ठी लावलेली होती. माझं अक्षर, माझीच तारीख, साडेचार मीटर. म्हणजे माप मीच बदललं हे पत्र आलं त्याच दिवशी मामांना कळलं असणार. मी वर पाहिलं. ते पेन्सिल तासत होते.

"या खेपेला तपासून कर," ते म्हणाले आणि पट्टी पुढे केली.

मी अर्धा तास एकेक माप पट्टी लावून पाहिलं. लिफ्ट, दारं, चोवीसच्या चोवीस जागा, नळसुद्धा. सगळी मापं बरोबर होती. त्या कागदावर चूक फक्त कारणाच्या ओळीत होती.

मी सही केली.