साहेबांच्या सॅकमधला कोंबडा

मी आज जो काही आहे तो हौसामावशीमुळे, आणि जो होता होता राहिलो तो तिच्या कोंबड्यामुळे.

हौसामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वेल्ह्याच्या पुढं, घाटमाथ्याला चिकटलेल्या एका वाडीत राहते. शेळ्या, कोंबड्या आणि मी, एवढंच तिनं आयुष्यात पाळलं. माझी फी भरायची वेळ आली की तिची एखादी शेळी बाजाराला जायची. असा तिचा गोठा रिकामा होत गेला आणि माझ्या नावापुढं एम.ए. लागलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच! (बी.ए. तिसऱ्या वर्गात का होईना.)

पण एम.ए. होऊन मी कॉलेजात भूगोल शिकवतो तो तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर उपास. दिवाळीची सुट्टी जाहीर झाली की पोरं टाळ्या वाजवतात आणि मी वाण्याची उधारी मोजायला बसतो. मावशीला हे काही केल्या पटत नाही. "आरं, मास्तर म्हंजे मास्तर. अर्धा मास्तर कसला आलाय?"

यंदा अखेर भूगोलाच्या एका कायम जागेची जाहिरात निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सचिवसाहेबांनी मला बोलावलं.

"तुम्ही वेल्ह्याकडचे ना? एकदा तो कडा, ती तळी दाखवा की आम्हाला. या रविवारी जाऊ."

मी हरखलो. माणूस ज्याला पाडणार असतो त्याच्याबरोबर डोंगर चढत नाही, असा माझा समज होता. (चुकीचा. चढतो. वाटाड्या लागतोच की!)

रविवारी नसरापूरहून साहेबांच्या गाडीनं निघालो. सोबत त्यांचा भाचा अनिकेत होता. तोही भूगोलात एम.ए., नुकताच झालेला. "याला फोटोची आवड आहे," साहेब म्हणाले. मीही वाटेत कौतुकानं त्याला कातळ कसा तयार झाला, पठारावर तळी का साठतात, घाटाखाली कोकण कसं सुरू होतं, सगळं समजावून सांगितलं. पोरगा मन लावून ऐकत होता. मुलाखतीची तयारी इतकी फुकट कुणी कुणाची करून घेतली नसेल!

साहेब पक्के माळकरी. कांदा-लसूणसुद्धा नाही. मार्गासनीला आम्ही मिसळ खाल्ली, तर साहेबांनी नुसता चहा घेतला. "माझी थालीपीठं सॅकमध्ये आहेत. वर खाऊ." गाडी वाडीशी थांबली, तेव्हा ती सॅक मी आपणहून खांद्यावर घेतली. साहेब "अहो, राहू द्या" म्हणाले खरं, पण तोवर त्यांनी दोन्ही पट्टे सोडून दिले होते.

मावशीच्या ओट्यावर चहा झाला. तिनं मला खुणेनं मागल्या दाराला बोलावलं. तिथं टोपलीखाली लाल तुऱ्याचा कोंबडा.

"तुज्या नोकरीसाठी घाटजाईला बोललेय. भाच्याला पर्मनंट कर, जित्ता कोंबडा तुज्या पायाशी सोडीन. आज तू निघालाच हाईस वर, तर घिऊन चल."

"मावशे, साहेब माळकरी हायेत! त्यांच्यासमोर कोंबडा?"

"कापाया न्हाई न्ह्यायचा, सोडाया न्ह्यायचाय. देवी काय त्यांना इचारून पावनार हाय व्हय?"

"आज न्हाई म्हंजे न्हाई! माझी नोकरी घालवशील."

"बरं, न्हाई तर न्हाई," ती म्हणाली.

इथंच मला शंका यायला हवी होती. हौसामावशीनं आजवर कुणाचं एकदम ऐकलेलं नाही.

साहेबांना वाडी दाखवून परत आलो आणि सॅक उचलली, तर जड लागली. वाटलं, पाहुण्यांसाठी मावशीनं शेंगा भरल्या असतील. चालताना पाठीला ऊबही येत होती. म्हटलं, साहेबांची कृपा!

मावशी आमच्याबरोबर निघाली. गुडघे दुखतात म्हणून एरवी शेजारच्या घरी न जाणारी बाई चढण चढत होती आणि साहेबांना सोडत नव्हती.

"सायेब, माज्या पोराला पर्मनंट कवा करताय?"

"आजी, ते सगळं नियमानं होतं."

"मग नियमाला सांगा की जरा बिगी बिगी चाल म्हनून!"

"आजी, तळं काय सुंदर आहे नाही?"

"म्हशी बसत्यात त्यात. तुमी पोराचं बोला."

दोन्ही तळी मागं पडली, साहेबांचा चेहरा उतरत गेला, आणि आम्ही कड्यावर पोचलो. खाली कोकणची दरी, समोर उन्हात निळे पडलेले डोंगर, आणि काठावर शेंदूर फासलेला घाटजाईचा दगड. अनिकेतनं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. साहेब भारावले. "वा! इथंच बसून खाऊ. द्या ती सॅक."

"आरं, त्यांना कशाला देतूस तुजी पिशवी?" मावशी ओरडली.

"माझी न्हाई, सायबांची हाय!"

मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. माझ्या खांद्यावर आहे म्हणजे माझीच, असं तिनं धरलं होतं. शेळ्या विकून शिकवलेला भाचा दुसऱ्याची पिशवी वाहत असेल, हे तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

तोवर साहेबांनी चेन ओढली होती.

आतून आधी तुरा आला. मग चोच आली, चोचीत थालीपिठाचा तुकडा. मग पंखांचा एक फटकारा साहेबांच्या तोंडावर, एक तुळशीच्या माळेवर, आणि कोंबडा थेट घाटजाईच्या दगडावर! पायाला बांधलेली चिंधी लोंबत होती. त्यानं छाती काढली, सगळ्या कोकणाला ऐकू जाईल अशी बांग दिली आणि कारवीच्या झुडपात पसार झाला.

"पावली गं आई, पावली!" मावशीनं जमिनीला डोकं टेकवलं.

साहेब सॅकमध्ये बघत होते. उरलेल्या थालीपिठांवर कोंबड्यानं जे करून ठेवलं होतं, ते इथं लिहिता येत नाही.

"मामा, पुन्हा एकदा तसंच तोंड करा ना," अनिकेत म्हणाला. "व्हिडिओ जरा हलला."

परतीच्या वाटेला साहेब तरातरा पुढं निघाले. सॅक मात्र मीच उचलली. आता तर तिला कुणी हात लावायलाही तयार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. अनिकेतला कातळ, तळी आणि घाटमाथा विचारला. त्यानं माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं, न अडखळता सांगितली. (दार नीट लागत नव्हतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं.) मला साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "मावशी बऱ्या आहेत ना?" बाकीचे सदस्य हसले. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता.

निकाल लागला. दोन दिवसांनी वाडीकडून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर मावशीचा निरोप आला, "झालास का पर्मनंट? पेढं कवा आनतूस?" वाडीत मोबाईलला रेंज नाही, आणि असती तरी हे बोलून सांगायचं धैर्य मला झालं नसतं. म्हणून त्याच टेम्पोवाल्याजवळ चिठ्ठी दिली आणि तिला वाचून दाखव म्हटलं:

"ती. हौसामावशीस दत्तूचा साष्टांग नमस्कार.

तुझा नवस फळला. घाटजाईनं भाच्याला पर्मनंट केलं. फक्त कोंबडा साहेबांच्या पिशवीतून निघाला, म्हणून तिनं त्यांचा भाचा धरला. तिच्यावर रागावू नकोस. एवढ्या उंचावरून तिला पिशवी कुणाची ते दिसणार, वाहणारा कोण ते कसं दिसणार?

नवा कोंबडा वाढायला ठेव. पुढच्या खेपेला मी माझी स्वतःची पिशवी घेऊन येईन. पेढे आणत नाही, सुट्ट्या लागल्यात.

तुझा भाचा
दत्तू
(निदान या जागेवर तरी कायम)"