स्पीडबोटीला लावलेलं ठिगळ

आमच्या ह्यांचा उजवा हात उधन्याच्या कापड कारखान्यात लूमच्या पट्ट्यात गेला. हात राहिला, पण बोटं वळेनात. शेटनं त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस लावला. गोडादऱ्याचं भाडं झेपेना, मग पोरापोरीला घेऊन आम्ही मगदल्ल्याला तापीच्या काठी आलो. तिथं होड्या दुरुस्त करायची एक शेड होती. मला झाडलोटीचं काम भेटलं, अन् शेडच्या मागची पत्र्याची खोली राहायला भेटली.

तिथला मिस्त्री गुजराती, होड्यांमधेच म्हातारा झालेला. माझ्याशी अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोले. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेन, आ खोली कारीगरनी छे. कारागीर आला की खाली करायची." माणूस वाईट नव्हता, जे होतं ते बोलला. मी मनात ठरवलं, मग आपणच कारागीर व्हायचं. दुसरं काय करणार?

तिथं काम फायबरचं. काचेच्या धाग्यांची चटईसारखी घडी असते. ती कापायची, रेझीनचा चिकट रस लावून एकावर एक थर द्यायचे, रूळ फिरवून आतली हवा काढायची. वाळलं की दगड होतं. पण काचेची बारीक कुसळं अंगात घुसतात, झोपू देत नाहीत. त्याच्यामुळे माणसं टिकत नव्हती. मी हाताला खोबरेल चोळायची, ह्यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवायची, डोक्याला फडकं. तरी खाजायचंच. खाजतं म्हणून कोणी मरत नाही. झाडून झालं की मी फायबरवाल्याच्या हाताखाली उभी राहायची, अन् बघता बघता शिकली.

मग हिऱ्याच्या धंद्यातल्या एका शेटची स्पीडबोट आली. लांब, निमुळती, पांढरीफेक. तिची दोन इंजिनं, अन् दोन्हींचे लोखंडी पाय मागच्या पाट्यातून, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीतून, बाहेर निघून पाण्यात लोंबायचे. पायाच्या टोकाला पंखा. ओहोटीला तापीत गाळ वर येतो. पाय गाळात घासले की बोट परत आमच्या दारात. शेट कंटाळला. त्यानं बाहेर देशातून नवीन सामान मागवलं. त्याला पायच नाही. दांडा सरळ मागं निघतो, अन् पंखा अर्धा पाण्यात, अर्धा पाण्याच्या वर.

"असं अर्धं पाण्यात राहून काय पळणार?" मी विचारलं.

मिस्त्री बोलला, "एटले ज, म्हणून तर पळते. पाण्यात ओढायला काही राहत नाही."

पण जुने पाय काढले तर पाट्याला दोन भगदाडं पडली, परात जाईल एवढी. अन् आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं. सगळं कोरून काढलं, नवीन प्लाय बसवला. आता त्याच्यावर फायबर कोण देणार? फायबरवाला गावी गेला तो आलाच नव्हता. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं.

"करशो?"

"करीन."

इंजिनं बसवणारा फिटर सुरती, तोंडाचा फाटका. तो ओरडला, "मासी, आ गोदडी नथी हं!"

मी बोलली, "गोधडी पण माझी फाटत नाही, भाऊ."

आधी छोटा थर, त्याच्यावर मोठा, त्याच्यावर अजून मोठा. प्रत्येकानं कडेचं जुनं फायबर धरलं पाहिजे, असं मिस्त्रीनं शिकवलं होतं. आतून दिलं, बाहेरून दिलं. वाळल्यावर फिटरनं नवीन दांड्यांची भोकं पाडली अन् सामान आवळलं.

शेडचा एक रिवाज होता. ज्यानं भोक बुजवलं, त्यानंच पहिल्या फेरीला भोकाजवळ बसायचं. मी सूट मागितली नाही. ठिगळ गळलं तर फायबरला दुसरा माणूस येणार अन् खोली जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

सकाळी हे बोलले, "तू त्या नावमा बसशी? तुले पव्हता येस का?"

"माले नही येत. नावले येस ना!"

मिस्त्रीनं सांगितलं होतं, सांध्यावर कोरडं पीठ लाव, ओल आली तर लगेच दिसते. मी डब्यातलं ज्वारीचं पीठ नेलं. भरतीला बोट उतरवली. शेट सुकाणूवर, मिस्त्री अन् फिटर त्याच्या बाजूला. मी मागं इंजिनाच्या कप्प्यात, पदर घट्ट खोचून, पाट्यासमोर उकिडवी.

शेटनं बोट धक्क्यापासून मागं घेतली, अन् डाव्या ठिगळावर पिठात काळी रेघ उमटली. वरून खाली सरकत आली. कोणाचं लक्ष नव्हतं. पण पाणी काही माझ्या सांगण्यावर थांबणार नव्हतं.

"मिस्त्री! ओल आहे!"

इंजिनं बंद. "शुं थयुं?" शेट मागं वळला.

"कीधुं हतुं ने, गोदडी!" फिटरनं आपलं तेच काढलं, सांगितलं होतं ना म्हणून.

मिस्त्री खाली वाकला. रेघेला बोट लावलं, मग बोट वर वर नेत पाट्याच्या काठापर्यंत गेला. काठावरून थेंब पडत होते. नवीन पंखे उलटे फिरले की पाणी पाट्यावर आपटत होतं, अन् काठावरून आत येत होतं. जुन्या पायांचं तसं नव्हतं.

"पूस. परत लाव. आता फक्त पुढं जाऊ."

मी पुसलं, पीठ लावलं. बोटीचं तोंड वर आलं. जरा वेळ ती नुसतीच कण्हत राहिली, मग तोंड खाली टेकलं अन् सुटली. कानात वारा, पाठीला इंजिनाची धग, मागं पाण्याचा उंच फवारा उडतोय म्हणे. मी मान वर केली नाही. पिठावरून नजर काढली नाही.

धक्क्याला आल्यावर मिस्त्रीनं सांध्यावर बोट फिरवलं. बोटाला कोरडं पांढरं पीठ लागलं. ते बोट फिटरच्या नाकाला पुसलं, "ले, रोटली बनाव!" शेटसुद्धा हसला. मग मिस्त्री माझ्याकडे वळून बोलला, "उद्या सवारे दुसरी होडी आवे छे. फायबर तमे करजो." म्हणजे खोली आमचीच राहिली.

घरी पोरगी दारातच उभी. "माय, डुमसचा किनारा दिसला का? समुद्र केवढा आहे?"

"नाही दिसला."

"मग काय दिसलं?"

"पाटा."

हे पोट धरून हसले. किती दिवसांनी हसले असतील. मी हात धुतले अन् उरलेल्या पिठाच्या भाकरी टाकल्या.