चिमूट, मूठ, ओंजळ

अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं की चिमूट. बोटं मिटली की मूठ. दोन्ही तळवे जोडून पुढं केले की ओंजळ. आमच्या ग्रंथपाल बाई समोरच्या माणसाला आधी हे तिन्ही हात करून दाखवायच्या आणि मग विचारायच्या, "किती पायजे?"

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाई साखर विकतात.

बाई विकत काहीच नव्हत्या. कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत त्या ग्रंथपाल होत्या, आणि त्या कॉलेजच्या दवाखान्याच्या गेटसमोर माझं औषधाचं दुकान. लायब्ररी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. डॉक्टर वर चढायचे नाहीत, कारण त्यांना वेळ नसतो. पेशंट चढायचे नाहीत, कारण त्यांना दम लागतो. मग एका मंगळवारी बाईच एक लाकडी टेबल घेऊन खाली उतरल्या आणि गेटच्या आतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसल्या. पुढं दर मंगळवारी बसायला लागल्या. टेबलावर पाटी होती: 'इथे औषध मिळत नाही. सल्ला मिळत नाही. माहिती मिळते.'

"मग हितं बसलाय तरी कशाला?" लोक उभ्या उभ्या विचारायचे.

"डॉक्टरनी काय सांगितलं ते कळलं काय तुमाला?"

"न्हाय."

"त्यासाठी बसलोय. बसा, पावणं."

बाईंना सगळेच पावणं. मी वर्षानुवर्षं समोर दुकान चालवतोय, तरी मीही पावणंच.

चिमूट म्हणजे उद्या काय करायचं, तेवढंच. मूठ म्हणजे झालंय काय आणि करायचं काय. ओंजळ म्हणजे सगळं: बरं, वाईट, आणि अजून जगात कुणालाच ठाऊक नाही तेही. मागेल त्याला मागेल तेवढंच द्यायचं, त्यात एक शब्द इकडंतिकडं नाही. आणि विचारायचं ते ज्याचं दुखणं असेल त्यालाच. एकदा एक नवरा बायकोला मागं सारून पुढं बसला. म्हणाला, तिला काय कळतंय, मला सांगा.

"तुमचं पोट दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"न्हाय, तिचं."

"मग जरा तिकडं सरकून बसा."

टेबलावर एक तांब्या आणि फुलपात्र असायचं. वाईट बातमी ऐकलेला एखादा माणूस त्याला हात घालायला गेला की बाई तांब्या आपल्याकडं ओढून घ्यायच्या. "त्ये माझं हाय. सांगणाऱ्याचा घसा सुकतोय. तुमचं पाणी तिकडं नळाला." आता ह्याला काय म्हणायचं? पण नळाकडं उठून गेलेला माणूस परत येईपर्यंत जरा सावरलेला असायचा, हे मी काउंटरवरून कितीतरी वेळा बघितलंय. बाईंचा तो हिशेब होता की खरंच घसा सुकायचा, देव जाणे.

माझं आणि त्यांचं जमायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक टॉनिकची बाटली हातात घेऊन उभं असायचं, पैसे काढायला खिशात हात घातलेला असायचा, आणि नेमक्या तेव्हाच बाई जेवणाचा डबा घेऊन रस्ता ओलांडून यायच्या.

"डॉक्टरनी लिहून दिलंय?"

"न्हाय, आपलं मीच घेतोय."

"मग त्यास्नी एकदा इचारा की."

बाटली परत फळीवर. मी भांडायला उठलो की बाई शांतपणे म्हणायच्या, "मी कुठं काय सांगितलं? इचारा म्हटलं." वर माझ्याच दुकानाच्या काचेवर कागद चिकटवायच्या, अँटिबायोटिकच्या गोळ्या मधेच सोडू नका म्हणून. मी तो काढायचो. पुढच्या मंगळवारी नवा यायचा, आधीपेक्षा चांगला डिंक लावून.

डॉक्टर लोकांना त्या माझ्या शेजारच्या चहाच्या गाड्यावर गाठायच्या. काखेत नव्या लेखांचे कागद. डॉक्टर कायम चिमूटवाले. आमचे एक सर्जन होते, बाईंना बघितलं की लांबूनच दोन बोटं जुळवून दाखवायचे. "मॅडम, चिमूट. पेशंट झोपवलाय टेबलावर."

"सर, निम्मा चहा शिल्लक हाय. निम्म्या चहात मूठ बसती."

आणि बसायची. सर्जन चहा गार करून ऐकत उभे राहायचे. मग कागद घडी करून खिशात घालायचे आणि पळायचे. पुढं पुढं ते स्वतःच निरोप पाठवायला लागले, अमक्या आजारावर नवीन काय आलंय, जरा शोधून ठेवा. बाई खुशीत आल्या की टाचा उंचावून उभ्या राहायच्या. पहिला निरोप आला त्या दिवशी बराच वेळ उभ्या होत्या.

रविवारी बाई जोतिबावर जायच्या. नारळ-गुलालाच्या दुकानांच्या मधोमध टेबल, फुप्फुसांचा मोठा तक्ता, आणि ब्लड प्रेशरचे छापील कागद. तिथं आपली माणसं काय करणार, तुम्हीच सांगा. डोंगरावर हातात पडेल तो प्रसाद. कागद घेतला, कपाळाला लावला, पिशवीत ठेवला. तक्त्यावर येताजाता गुलाल पडायचा. त्या लायब्ररीत एक गुलाबी फुप्फुस आहे, ते तिथलं.

पुढं हातकणंगल्याची एक बाई मंगळवारी टेबलाशी आली. प्रेशर वाढलेलं.

"जोतिबावर कागद दिलता की तुमाला. वाचला न्हाय?"

"वाचायचा आसतोय व्हय? देव्हाऱ्यात ठेवलाय. रोज हळदकुंकू लावतोय की."

दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावला असता. बाई पुढच्या रविवारी पॅसेंजरनं हातकणंगल्याला गेल्या, त्या बाईच्या घरी देव्हाऱ्यासमोर बसल्या, कागद उचलला आणि पोथी वाचावी तसा मोठ्यानं वाचून दाखवला. गल्लीतल्या बायका ऐकायला आल्या. शेवटी एकीनं आरती कुठली म्हणायची म्हणून विचारलं. तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक कागदाच्या तळाला एक ओळ छापलेली असते: 'वाचून झाल्यावर देवाजवळ ठेवावे.'

हे सगळं मी गंमत म्हणून बघत होतो. मग आमच्या अव्वाच्या पोटात गाठ निघाली.

अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या लिंगायत घरात अव्वाच म्हणतात, आणि ती मला तम्मा म्हणते. रिपोर्ट वाईट होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर उपयोग नाही. मी आणि पुण्याचा भाऊ, आम्ही दोघांनी ठरवलं की अव्वाला कळू द्यायचं नाही. साधी गाठ आहे म्हणून सांगितलं.

अव्वा म्हणाली, "साधी हाय तर ऱ्हाऊ दे की. कापायची कशाला?"

झालं! आता साधी गाठ कापायला तिला पटवायचं कसं? आम्ही दोघं भाऊ, माझी बायको, सगळे थकलो. अव्वा ऐकेना. दिवस चालले होते. दुकानात मी कुणालाही काहीही द्यायला लागलो होतो. एकाला खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल दिलं.

शेवटी रिपोर्ट घेऊन बाईंकडं गेलो. मंगळवार नव्हता, म्हणून तिसरा मजला चढलो.

"मॅडम, एवढं बघा. अव्वाला कसं पटवायचं सांगा. पण तिला काही कळता कामा नये."

बाईंनी रिपोर्ट उघडलाच नाही. "पेशंट कुठाय?"

"घरात."

"मंगळवारी घेऊन या."

"ती हबकंल, मॅडम."

"कोण म्हंतंय?"

"मी म्हंतोय! माझी आई हाय ती."

"व्हय. तिचं तिला इचारंन. तुमचं तुमाला सांगतो. बसा, तुमाला किती पायजे?"

आणि ते तीन हात. माझं डोकंच फिरलं. काय ही बाई! इथं घर बुडायला आलंय आणि ही मापं दाखवतेय. मी रिपोर्ट उचलला, खाली आलो आणि काचेवरचा कागद टराटरा फाडला. रिपोर्ट घरी नेऊन बायकोच्या साड्यांखाली दडवला.

पुढच्या मंगळवारी सकाळी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना सहज समोर बघितलं, तर शेडमध्ये टेबलासमोर अव्वा बसलेली. इरकली लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर साड्यांखालचा तो रिपोर्ट. बाईंच्या मंगळवारच्या तक्रारी मीच रोज घरी सांगायचो; त्या ऐकून ती घरातनं एकटी रिक्षा करून आली होती. सुटे पैसे माझ्या हातातच राहिले. पळत जावं वाटलं, पण काउंटरच्या बाहेर पडलो नाही. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

ऐकू काही येत नव्हतं, मधे रस्ता, गाड्यांचे हॉर्न. दिसत होते ते नुसते हात. बाईंनी चिमूट दाखवली, मूठ दाखवली, ओंजळ दाखवली. अव्वानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिनं मूठ वर केली. बाई वाचायला लागल्या. अव्वा मान हलवत होती, जशी बाजारात भाव ऐकताना हलवते तशी. मधेच अव्वानं काहीतरी विचारलं आणि माझ्या दुकानाकडं बोट केलं. बाईंनी खांदे उडवले. मग अव्वा उठली, नळावर गेली, तोंड धुतलं, पाणी प्याली आणि रस्ता ओलांडून माझ्या काउंटरसमोर उभी राहिली.

"अव्वा, तू हितं?"

"मला ठावं हुतं, तम्मा. तुझी बायको मला भांडंना झाली तवाच कळलं. आन् तुझा भाऊ दोनदा आला, तेबी आंबे घेऊन. खोटं बोलणाऱ्यांच्या सांगण्यावरनं मी पोट कशाला फाडून घिऊ?"

मी हातातले सुटे पैसे पुन्हा मोजायला लागलो.

"तुला ह्ये कसं झेपायचं, म्हणून त्या बाईला इचारलं, लेकाला किती सांगू. त्या म्हंत्यात, लेकालाच इचारा." आणि अव्वानं माझ्यासमोर, पोट साफ होण्याच्या चूर्णाच्या डब्यांवर, ते तीन हात करून दाखवले. "बोल. किती पायजे तुला?"

मी अंगठा आणि बोट जुळवलं.

"उद्या ॲडमिट व्हायचं," अव्वा म्हणाली. "येताना माझी पांघरायची वाकळ घे."

एवढंच. मागितलं तेवढंच दिलं तिनं.

ऑपरेशन त्याच चिमूटवाल्या सर्जननी केलं. अव्वा बरी झाली, घरी आली, आणि माझी बायको पुन्हा तिच्याशी भांडायला लागली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! काचेवर नवा कागद आला, तो मी तसाच राहू दिला. बाई एकदा डबा घेऊन आल्या, कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "डिंक चांगला लागलाय," म्हणाल्या आणि गेल्या. आभार मानायचे राहून गेले असं नाही, मुद्दामच मानले नाहीत. मी मानले असते तर त्यांनी विचारलं असतं, कशाबद्दल.

पुढं बाई रिटायर झाल्या आणि राज्याच्या सीमेपलीकडं भावाच्या गावी राहायला गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. टेबल अजून शेडमध्ये आहे. पेशंटचे नातेवाईक त्यावर डबे ठेवतात. पाटी उलटी करून कुणीतरी त्यावर 'गाड्या लावू नयेत' लिहिलंय.

यंदा थंडीत अव्वाची तपासणी झाली. गाठ परत आली होती, आणि ह्या वेळी कापण्यासारखी नव्हती. पुण्याहून भावाचा फोन आला, "अव्वाला सांगू नको." मी बरं म्हटलं आणि बाईंचा नंबर लावला.

फोन त्यांच्या भावानं उचलला. "अक्का गेली की, दिवाळीच्या आधी."

मी विचारलं, काय झालं होतं.

"आमास्नी नीटसं ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "दुखणं निघालं तवा तिनं आमाला बसवून इचारलं हुतं, किती पायजे. आमी भिऊन चिमूटच मागितली. मग ती रोज तेवढंच सांगायची. उद्या डबा कुणी आणायचा, गोळी किती वाजता. समदं मागाय पायजे हुतं."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी घरी गेलो. अव्वा सोप्यात लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. बाईंना हे दर मंगळवारी किती जड जात असेल, ते तेव्हा कळलं. चिमूट केली, मूठ केली, ओंजळ केली.

अव्वानं माझ्याकडं बघितलं. मांडीवरचं सूप बाजूला सारलं, लसणाचे हात पदराला पुसले, दोन्ही तळवे जोडले आणि माझ्यापुढं धरले.

मी सांगितलं. बरं, वाईट, आणि कुणालाच ठाऊक नाही तेही. ती ऐकत होती आणि हात तसेच धरून होती.

सांगून संपलं तेव्हा अव्वा भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. आतून भांड्याचा आवाज आला. ती तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर आली आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवली.

"पी," म्हणाली. "सांगणाऱ्याचा घसा सुकतोय."