लिडियाने न दाखवलेलं कुंपण

लिडियाला वाट विचारावी आणि दलदलीत जाऊन बसावं, असं उत्तरेच्या बर्फाळ मुलखात नदीकाठच्या सगळ्या ग्विचिन आदिवासी वस्त्यांमध्ये म्हटलं जाई. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. परका माणूस दिसला की बाई आधी त्याचे बूट बघे, मग हात, मग पाठीवरची थैली, आणि एवढं पाहून झालं की त्याला हमखास उलट्या दिशेला धाडी. एका पाद्र्याला तिने असं दोन दिवस फिरवलं होतं. डासांनी तोंड सुजवून तो परत आला तेव्हा तिने त्याला प्रेमाने चहा पाजला, वाट मात्र तेव्हाही सांगितली नाही.

हे उगाच नव्हतं. ती लहान असताना तिच्या बापाने एका सोनं शोधणाऱ्या गोऱ्याला आपला मासे धरायचा ओढा दाखवला. पाहुणा होता, भुकेला होता, म्हणून दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच ओढ्यावर मालकीचे चार खुंट ठोकलेले होते आणि तोच पाहुणा मांडीवर बंदूक घेऊन बापाला म्हणत होता, पुढे येऊ नकोस. बापाने मुकाट्याने जाळं गुंडाळलं. दाखवलं ते गेलं, एवढाच धडा लिडियाने त्यातून घेतला आणि जन्मभर पाळला.

ती साठीला आली तेव्हा गावात सरकारचा नकाशेवाला उतरला. गावची जमीन गावाच्याच नावावर राखून ठेवावी म्हणून गावानेच वर्षानुवर्षं अर्ज केले होते. ते लिहिले होते गावच्या मुखियाने, अब्रामने. हा लिडियाचा सख्खा भाचा.

"आत्या, या माणसाला आपणच बोलावलंय," अब्राम म्हणाला.

"बोलावलेला चोर चोर नसतो वाटतं?"

"अगं, आपल्या माणसांच्या हातची खूण जिथवर दिसेल तिथवर तो रेघ ओढणार. तुझ्या आजोबांचं कुंपण त्याला दाखवलंस की अख्खा डोंगर आत येतो."

"आणि रेघ ओढून झाल्यावर आपण तिच्या कुठल्या बाजूला, हे कोण ठरवणार? तू?"

पूर्वी बंदुका नव्हत्या तेव्हा स्प्रूस झाडांच्या ओंडक्यांची लांबच लांब कुंपणं घालून, मध्ये कातड्याचे फास लावून, कॅरिबू हरणांचे कळप त्यांत वळवत. ज्या घराने कुंपण घातलं त्या घराचं ते. दुसऱ्याने त्याची जागा विचारायची नाही, असा रिवाज. बंदुका आल्या, कुंपण शेवाळात बुजलं. जागा ठाऊक असलेली त्या घरातली आता लिडिया एकटीच उरली होती. कळप मात्र अजूनही शरदात त्याच डोंगरावरून उतरत. त्या मांसावर गावाचा हिवाळा निघे.

नकाशेवाला जेवायला बसला. कॅरिबूच्या डोक्याचा रस्सा त्याने डोळ्यामागच्या चरबीसकट चाटून पुसून खाल्ला. बायका खूश झाल्या. लिडिया पुटपुटली, "एवढं मन लावून जेवतोय म्हणजे मोठं काहीतरी न्यायला आलाय." मग तिला भाच्याच्या हातात नवंकोरं होकायंत्र दिसलं. नकाशेवाल्या साहेबाने दिलेलं. आता तिला भाच्याचाही भरवसा वाटेना.

तरी ती वाट दाखवायला निघाली. नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणीतरी शोधत गेला असता. तिघंजण आणि पाठीवर ओझी बांधलेली दोन कुत्री. तिने त्यांना मुद्दाम कुंपण टाळून खालच्या अंगाने नेलं. पण तिसऱ्या दिवशी धुकं आलं, वाट चुकली, आणि धुकं निवळलं तेव्हा ती नको तिथेच उभी होती. शेवाळातून करड्या ओंडक्याचं टोक वर आलेलं. त्यामागे दुसरं. त्यामागे तिसरं.

लिडियाने पटकन पहिल्या ओंडक्यावर बसकण मारली आणि झगा पसरला. "पाय दुखले बाई. चहा टाका."

साहेबाने काही विचारलं. अब्रामने तिच्या भाषेत सांगितलं, "विचारतोय, इथे काही आहे का?"

"वारा आहे. आणखी काय असणार?"

अब्रामची नजर तिच्या झग्याच्या काठाखाली गेली आणि तिथेच थांबली. मग त्याने साहेबाला सांगितलं, काही नाही. साहेबाने पुन्हा विचारलं, नक्की ना? दोनदा विचारतोय म्हणजे त्याला हेच हवंय, असं लिडियाच्या मनाने घेतलं. ती म्हणाली, "नक्की."

हिवाळ्यात नकाशा आला. शाळेच्या भिंतीवर तो लावला तेव्हा सारं गाव जमलं. नदी आत, तळी आत, पुष्कळ काही आत. रेघ डोंगराच्या अलीकडून गेली होती.

"तू पाहिलं होतंस," लिडिया अब्रामला म्हणाली.

"पाहिलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं, मेल्या?"

"परक्या माणसासमोर आत्याला खोटं पाडू? तुझ्या भावाने असं नव्हतं शिकवलं मला."

लिडियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने अब्रामला कागद घ्यायला लावला आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कुठल्या वळणावर चढायचं, कुठल्या दोन खडकांमधून शिरायचं, कुंपण किती लांब, आजोबांचं नाव काय, फास कोण विणायचं. लिहून लिहून अब्रामची बोटं आखडली. तिच्या तोंडून वाटेचं इतकं खरं वर्णन गावाने कधी ऐकलं नव्हतं. खाली तिने सहीऐवजी फुली मारली. जन्मात पहिल्यांदा तिने कागदाला हात लावला होता.

नदीचा बर्फ फुटल्यावर साहेबाचं उत्तर आलं. अब्रामने ते वाचून दाखवलं. बाईंच्या पत्राबद्दल साहेबाने आभार मानले होते, खेदही कळवला होता. पण त्या जागेविषयी सर्वांत जास्त माहिती असलेल्या व्यक्तीची जबानी आधीच नोंदली गेली आहे. ती दोनदा विचारून खात्री करून घेतलेली आहे. त्या जबानीनुसार रेघेपलीकडे माणसाच्या हातचं काहीही नाही. आता ते काम बंद झालं आहे.

"त्यात माझं नाव घातलंय का?"

"घातलंय."

लिडियाने तो कागद हातात घेऊन बघितला.

"प्रामाणिक माणूस होता रे," ती म्हणाली. "मी सांगितलं तेच लिहिलं त्याने."