वाढत्या अंगाची मोटरसायकल

अडतीस वर्षं क्लार्की केली, पण सांगण्यासारखे किस्से मोजून तीन. रिटायर होऊन टेमघरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागलो आणि एका महिन्यात त्याच्या दुप्पट जमले. कारण एकच. माझ्या नातीला मोटरसायकल शिकायची होती आणि आम्ही सगळे तिला मदत करत होतो!

*

जाई दहा वर्षांची. अंजूरला बाळारामशेठ पाटलांच्या नातवाला तिने छोटी मोटरसायकल चालवताना पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "मला पण."

बाळारामशेठ माझे टपरीवरचे मित्र. त्यांच्या शेतात पूर्वी भात व्हायचं, आता गोडाऊन उगवतात. रविवारी गोडाऊनचं आवार रिकामं, मुलांना मैदान मोकळं.

माझी सून मनीषा वडप्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. शेअर रिक्षाने जाते-येते, हायवेवर रोज नको ते बघते. मला वाटलं, साफ नाही म्हणेल. तिने स्वयंपाकघरातूनच अटी सांगितल्या.

"रस्त्यावर नाही, फक्त आवारात. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घालून. आणि बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. नाही टेकले तर गाडी परत, आणि अठरा वर्षांची होईपर्यंत विषय बंद!"

इतका स्पष्ट हुकूम मी अख्ख्या नोकरीत वाचला नव्हता.

*

टपरीवर कमिटी बसली. मी, बाळारामशेठ आणि ऑफिसातले माझे जुने सहकारी शेलार. मी सवयीने फाईल उघडली.

शेलारांचा पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?"

गोडाऊनसमोर गोल चकरा मारणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज!

बाळारामशेठ म्हणाले, "गाडीला वजन पायजे, भाऊसाहेब. हलकी गाडी काय कामाची न्हाय."

शेजारच्या गॅरेजचे सलीमभाई हात पुसत म्हणाले, "अरे साहब, पहले बच्ची को बिठाके तो देखो!"

सूचना चांगली होती, पण सलीमभाई कमिटीचे मेंबर नव्हते.

जाई बाकड्याच्या टोकाला क्रीमरोल खात होती. तिने विचारलं, "तुमच्यापैकी गिअरची गाडी कोणाला येते?"

शेलारांनी आणखी तीन कटिंग सांगितले.

*

दुकानात दोन गाड्या होत्या. एक बुटकी, बिनगिअरची. दुसरी चांगली उंच, गिअरची, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी. मी उंच गाडीवर हात ठेवला.

आमच्या घरी लहान मुलाला मापाची वस्तू घेणं म्हणजे उधळेपणा. सगळं वाढत्या अंगाचं! पाचवीत घेतलेली खाकी पँट मला नववीत बरोबर बसली, आणि त्याच आठवड्यात फाटली.

जाई उंच गाडीवर बसली. पाय दोन्हीकडे लोंबकळले.

"वर्षभरात उंची वाढेल," मी म्हणालो.

"आजोबा, मला या रविवारी चालवायचीये!"

तीन विरुद्ध एक मतांनी उंच गाडी मंजूर झाली. दुकानदार आपणहून म्हणाला, "आठ दिवसांत बदलून देईन." त्याने अशा कमिट्या आधीही पाहिल्या असाव्यात.

*

रविवारी मनीषा तपासणीला अंजूरला आली. जाई गाडीवर. बाळारामशेठ एका बाजूने गाडी धरून, शेलार दुसऱ्या बाजूने. पाय अधांतरी. जाईचा चेहरा रडवेला.

कोणी काही बोलायच्या आत बाळारामशेठनी वॉचमनकडून मालाखाली ठेवायचे दोन लाकडी पॅलेट आणवले आणि जाईच्या दोन्ही पायांखाली सरकवले.

"घ्या! टेकले का न्हाय पाय?"

मनीषाने पॅलेटकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "काका, गाडी चालू झाल्यावर हे घेऊन कोण पळणार?"

शेलार स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

"उद्या परत," मनीषा म्हणाली.

"आई, एकदाच! छोटी आणली तर? पाय टेकले तर?" जाई गाडीवरून घसरत उतरली.

मनीषाने तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. "पुढच्या रविवारी बघते. एकदाच."

आम्ही खाली मान घालून चहाला निघालो. मनीषा मात्र गाडीपाशी थोडी रेंगाळली.

*

या वेळी सलीमभाईंना अध्यक्ष केलं. त्यांनी ॲव्हरेज विचारलं नाही. दुकानात बुटकी गाडी बाहेर काढली, आडवी पाडली आणि जाईला म्हणाले, "उठाओ, बेटा."

दुकानदाराचा जीव खालीवर झाला. जाईने दात-ओठ खात गाडी उभी केली.

"जो गाडी खुद उठा सके, वही उसकी गाडी," सलीमभाई म्हणाले. मग ॲक्सिलरेटरजवळचा एक पेच आवळला. "अब सायकल से तेज नहीं भागेगी. ये पेच मैं ही खोलूँगा."

मी फाईलमध्ये तसं नोंदवलं. ही त्या फाईलमधली पहिली उपयोगाची ओळ.

*

पुढच्या रविवारी जाई बुटक्या गाडीवर बसली. मनीषा खाली वाकली आणि बुटाखाली बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही.

पहिल्या वळणावर जाई पडली. बाळारामशेठ लेंगा सावरत धावले. "थांबा!" ती ओरडली. "मला उचलू द्या!"

गाडी उचलली, बसली, आवाराला पूर्ण फेरी मारली, ब्रेक लावला. दोन्ही पाय धप्पकन जमिनीवर! बाळारामशेठ म्हणाले, "आमच्या नातवापेक्षा बरी हाय!" शेलारांनी टाळ्या वाजवल्या. मी फाईल बंद केली.

मनीषा फक्त म्हणाली, "अजून एक मार. खाली नको बघू, समोर बघ."

*

सोमवारी सकाळी मनीषा ड्युटीला निघाली होती. डबा पिशवीत, चपला पायात, मोबाईल कानाला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"हॅलो, गेल्या आठवड्यात आम्ही एक गाडी बदलून नेली ना... हो, ती उंच, गिअरची. आहे अजून? ठेवून द्या, मी संध्याकाळी येते."

पलीकडून दुकानदार काहीतरी म्हणाला.

"नाही हो, मुलीसाठी नाही," मनीषा म्हणाली. "माझे टेकतात."