पावडरची पिठी

आमच्या कंपनीत कुठलाही नवा माल मागवायच्या आधी त्याचा नमुना माझ्या टेबलावर येतो. कंपनी छोटी आहे. बाहेरून खाण्याचे पदार्थ आणून बहरीनमधल्या दुकानांना पुरवायचे, एवढाच धंदा. ऑफिस बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, खाली कापडाची दुकानं. नमुन्याचं लेबल वाचायचं, तो चाखायचा आणि विकला जाईल की नाही ते सांगायचं, हे माझं काम. मला तोंडदेखलं बोलता येत नाही. लग्नकार्यात हा दुर्गुण ठरतो, ऑफिसात मात्र त्याचाच पगार मिळतो.

त्या उन्हाळ्यात माझ्यापुढे आली प्रोटीन पावडर. ऑरगॅनिक, संपूर्ण वनस्पतिजन्य, बिनसाखरेची, बिनचवीची. पाकिटावर हिरवं पान, त्यावर दवाचा थेंब. असली पानं बघितली की माझं डोकं आधीच सटकतं. पान छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मी पाकीट उलटं करते आणि मागचा बारीक मजकूर वाचते. यात पिवळ्या वाटाण्याचं प्रोटीन होतं, थोडं तांदळाचं, थोडं भोपळ्याच्या बियांचं, आणि यादी तिथेच संपत होती. ऑरगॅनिकचा शिक्का खरा होता, प्रमाणपत्राचा नंबर जुळला. मी पुरवठादाराकडून शिसं आणि कॅडमियमचा रिपोर्टही मागवला. झाडं जमिनीतून जे चांगलं घेतात तेवढ्याच निष्ठेने वाईटही घेतात, आणि ऑरगॅनिक जमीन त्याला अपवाद नसते. रिपोर्ट आला, तो ठीक होता.

मग चाखणं. मी पावडर नेहमी साध्या थंड पाण्यात आणि चमच्यानेच ढवळते. दुधात, केळ्यात, मशीनमध्ये घुसळून काहीही खपतं. ही पावडर विरघळली, पण तळाशी थोडा गाळ बसला. बोटांत चोळली तर किंचित रवाळ. चव म्हणाल तर कच्च्या पिठाची. सेल्समधल्या केरळच्या सहकाऱ्याने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"मॅडम, ये तो बेसन का पानी है," तो म्हणाला.

मुदीर, म्हणजे आमचे बहरिनी मॅनेजर, त्यांनी नुसता वास घेतला. "मफी व्हॅनिला? मफी चॉकलेट?" म्हणजे यातलं काही नाही का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही नाही म्हटल्यावर हात झटकून म्हणाले, "खलास."

जिमला जाणारी पोरं हे पिणार नाहीत, हे मलाही दिसत होतं. मी रिपोर्टात तसं लिहिलं आणि उरलेलं पाकीट पिशवीत टाकून घरी नेलं, कारण घरी आई होती.

आई आमच्याकडे, नईम वस्तीतल्या घरी, आली ती व्हिजिट व्हिसावर, आणि आजारपणातून उठून. गावाला, सिंधुदुर्गात, ती एकटी राहते. तापाने तिला असं काही धरलं की ताप गेला तरी पायांतलं बळ परत आलं नाही. शेजारी राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तिला गोव्याहून विमानात बसवलं. मी तिला विमानतळावर बघितलं तेव्हा ती व्हीलचेअरमध्ये होती, आणि साडीत माणूस कमी, साडीच जास्त होती. मला रडू आलं. ती मात्र पहिलं वाक्य बोलली ते जावयाला, "गाडी खय लावलंत? लांब असली तर माका हयच रवांदे."

इथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. किडनी चांगली, साखर बेताची. मांड्यांचे स्नायू झिजलेत, म्हणाले. व्यायाम करायचा आणि प्रोटीन पोटात गेलं पाहिजे; मासे, अंडी, चिकन काहीही चालेल. मी खूश झाले. आमच्या घरात मासे खा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. बाजारात शेरी मिळते, सुरमई मिळते, नशीब असेल तर बांगडाही मिळतो. त्याच संध्याकाळी मी सुरमई आणली.

आईने ताट बाजूला सारलं. "माका मासळी नको," ती म्हणाली. "देवाक बोललंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंथरुणावर असताना तिने गुरवाला घरी बोलावून गाऱ्हाणं घातलं होतं. माझ्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढून येईन आणि तुझ्यापुढे नारळ ठेवीन, तोवर माशाचा तुकडा तोंडाला लावणार नाही. अंडी, कोंबडी त्यातच आली. आमचं ग्रामदैवत डोंगराच्या अंगाला आहे. धडधाकट माणूसही त्या पायऱ्या चढताना मध्ये एकदा थांबून समुद्र बघतो, म्हणजे दम खातो.

मी तिच्यावर ओरडले. अंगात ताकद यायला मासे हवेत, आणि मासे खायला आधी ताकद हवी, असा नवस कुणी करतं का? नवस करायचा तर वांगं सोडायचं, कारलं सोडायचं.

"माका नको असलेला सोडून देवाक काय फायदो?" ती शांतपणे म्हणाली.

बदलून घे म्हटलं, तर तेही जमेना. जिथल्या देवाला सांगितलं तिथेच जाऊन मागे घ्यायचं असतं. फोनवरून नाही. हे मलाही माहीत होतं. मी त्याच गावची आहे.

डाळी होत्या, पनीर होतं, पण तिची भूकच मेली होती. वाटीभर आमटीत दोन घास भात, की हात धुवायला उठायची. उठायची म्हणजे आम्ही उठवायचो. मी दुकानातली महागडी पावडर आणली, व्हॅनिलाची. दोन घोटांत तिला उलटी झाली. चॉकलेटची तिने वासावरून परत केली, ती माझ्या मुलीने दुधातून संपवली. त्यावर सोमवार, संकष्टी, एकादशीचे उपास. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला टेपने मांडीचा घेर मोजला तो आणखी कमी भरला, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही अशीच राहिली तर पुन्हा आपल्या घरात एकटी राहू शकणार नाही. इथे राहायची म्हटलं, तर आमच्या दोन खोल्यांत खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे एसी आहेत. ती दिवसभर ते एसी बघत बसायची.

बिनचवीचं ते पाकीट मी घरी आणलं ते अशा दिवसांत. बेसन का पानी, हे शब्द बसमध्ये डोक्यात फिरत होते. पाणी कशाला, याची पिठी का करू नये? कुळथाची पिठी, म्हणजे पातळ पिठलं, आमच्याकडे आजाऱ्यालाही चालते आणि पावसात अख्ख्या घरालाही. लसूण ठेचली, फोडणी केली, मिरची घातली, पाणी उकळलं आणि पावडर कालवून ओतली. वरून आमसुलं टाकली. आमसुलं पडताच सगळं फाटलं. भुरकट पाण्यावर चुरा तरंगायला लागला. पिठीसारखी ती दाटही होईना.

मग मी ऑफिसातल्यासारखीच कामाला लागले. निम्मं कुळथाचं पीठ, निम्मी पावडर. पावडर आधी कोमट पाण्यात कालवून ठेवायची, आणि गॅस बंद करून पाच मिनिटांनी आमसूल. असं दोन-तीनदा बिघडवल्यावर एका शनिवारी ती जमली. आईने भातावर घेतली, भुरकली, आणि वाटी पुढे केली.

"कुळीथ जुनो आसा," ती म्हणाली. "पण लसूण बरी पडलीहा. वाढ."

मी तिला पाकीट दाखवलं, चोरून काही घालायचं नाही हा माझा नियम. वाटाणा आणि तांदूळ म्हटल्यावर तिची हरकत नव्हती. उपासाच्या दिवशी मात्र वाटाणा चालायचा नाही. त्यावरून आमची दर वेळी जुंपायची आणि दर वेळी मीच हरायचे.

दुसऱ्या दिवशी मी मुदीरसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, माझा रिपोर्ट अर्धा आहे. ही पावडर पिणाऱ्यांना विकायची नाही, रांधणाऱ्यांना विकायची. ते हसले, पण थोडा माल मागवायला तयार झाले. "इंशाल्ला," म्हणाले, म्हणजे विकलं गेलं नाही तर जबाबदारी तुझी. त्यातला बराच माल अजून गोदामात आहे. मी ते नाकारत नाही.

आई मात्र रोज पिठी खाऊ लागली. कधी त्याच पावडरची धिरडी, कधी आंबोळीत मिसळलेली. बाहेर ऊन असं की सकाळी आठलाच रस्ता भाजतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी माझा नवरा तिला रिफाच्या मॉलमध्ये गाडीने न्यायचा आणि ती थंड हवेत अजून न उघडलेल्या दुकानांसमोरून फेऱ्या मारायची. घरी खुर्चीवरून उठबस. सुरुवातीला ती माझा हात धरायची, मग टेबलाची कड, मग नुसती हवा. पावडरनेच सगळं केलं असं मी कुणाला सांगणार नाही. व्यायाम होता, औषधं होती आणि तिचा हट्ट होता. पण अंगावर मांस धरत होतं, ते डॉक्टरांच्या टेपनेही मान्य केलं.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर आई जमिनीवर बसून लसूण सोलत होती. मी धावले. ती म्हणाली, "रव थयच." आणि एक हात गुडघ्यावर ठेवून एकटी उभी राहिली. तिचे पाय थरथरत होते, पण ती उभी होती. मी तिला मिठी मारली. आमच्यात असं करत नाहीत, त्यामुळे दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

"आता तिकीट काड," ती म्हणाली.

मी थांब म्हटलं, व्हिसा अजून आहे म्हटलं, ऊन उतरू दे म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती बरी व्हायला हवी होती, पण इथे. तिने ऐकलं नाही. पावडरची पाकिटं तिच्या बॅगेत भरताना मी रडले.

देवळात जायचा दिवस तिने ठरवला तेव्हा मी ऑफिसात होते. मावसभावाने व्हिडिओ कॉल लावला. मी खाली दुकानांमागच्या गोदामात उतरले आणि खोक्यांच्या आडोशाला उभी राहिले. आई पायऱ्या चढत होती, मध्ये दोनदा बसली, पण कुणाचा हात घेतला नाही. घरी बांगडे आणून ठेवलेत, असं मावसभाव फोनमागून म्हणाला. देवापुढे चारपाच माणसं जमली होती. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बायन जा बोलल्यान ता आज पुरा केल्यान."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. लहानपणापासून जिभेला तेच वळण आहे. गुरव थांबला की तोंडातून ते निघतंच.

तेवढ्यात आई गुरवाच्या कानाशी लागली. त्याने मान हलवली आणि त्याच सुरात पुढे म्हटलं, "आणि हिचा चेडू परमुलखात आसा. ता आपल्या पायांनी येवन तुझे पायरे चढासर ही बाय मासळी तोंडाक लावची नाय, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

गोदामात माझाही आवाज खणखणीत उमटला होता. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी; मी येऊन त्या पायऱ्या चढेपर्यंत आईची मासळी बंद, हा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत शब्द बोलून झाले होते. आईने फोनच्या पडद्याकडे बघितलं, कारण तिने माझा आवाज ऐकला होता.

"तू पण होय म्हटलंस," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि वर मुदीरकडे सुट्टी मागायला गेले.