जीपची हळद

दुसरबीडच्या रस्त्याकडेला भेटलेल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. माझी नोकरी मात्र त्यानेच वाचवली.

सातवीत शाळा सोडलेला मी पुढे कोकणातून इकडे ड्रायव्हर म्हणून आलो होतो. मालकांनी जुनी जीप घेतली ती माझ्या शब्दावर. 'गाडी खात्रीची आहे,' असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या खात्रीच्या गाडीतून आम्ही मालकांच्या भाचीच्या लग्नाला देऊळगाव राजाला निघालो आणि वाटेतच रेडिएटरमधून वाफा निघू लागल्या.

मिस्त्रीने पान्ह्याने पाठ खाजवत आधी रेडिएटर बघितला, मग माझा चेहरा. सकाळी मी पाणी बघायला विसरलो, हे त्याला चेहऱ्यावरच दिसलं असावं.

"खोट गाडीत हाय का डायवरात?" मालकांनी विचारलं.

"डायवर हुशार हाय, साहेब. टायमावर थांबला, नाही तं इंजन गेलं असतं." तो इतक्या गंभीरपणे बोलला, की क्षणभर मलाही पटलं.

मग तो मालकीणबाईंना म्हणाला, "वहिनी, लग्नाची हळद असन तं द्या मूठभर."

इंजिन निवल्यावर त्याने ती हळद पाण्यात कालवून रेडिएटरात ओतली. पाणी गळत होतं ते बारीक भोक बुजलं, गाडी सुरू झाली. मालकांनी माझी पाठ थोपटली.

मी हात जोडले, तर तो कानाशी पुटपुटला, "पाणी पाह्यत जाय बे. आता हळद लागली तिले, तुलेच नांदवा लागन."

तेव्हापासून मी रोज पाणी दोनदा बघतो. कुणी हुशार म्हटलं, की तिसऱ्यांदा.